घरी बांधलेला एलएम३८८६ ॲम्प्लिफायर: नऊ महिने रोज वापरल्यानंतर

एलएम३८८६ या ॲम्प्लिफायर चिपवर बांधलेला हा ॲम्प्लिफायर डिसेंबरात पहिल्यांदा बोलला आणि तेव्हापासून आमच्या घरात रोज चार-पाच तास चालू असतो. सकाळी बाबांचं शास्त्रीय, रात्री माझं जे काही असेल ते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याने काढला, म्हणून आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. आधीच सांगतो, मी त्याच्यावर फार खूश आहे. पण ज्या गोष्टीची मला भीती वाटत होती ती अर्ध्या दिवसात झाली, आणि जिच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं तिने दोन महिने खाल्ले. चिपभोवतीचं सर्किट सोपं आहे. अवघड आहे ते ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या, तारा कुठून कुठे न्यायच्या हे, आणि डबा.

साहित्य असं: दोन एलएम३८८६, १८-०-१८ व्होल्टचा १६० व्हीएचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर, ३५ अँपिअरचा ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर. स्पीकर माझे जुनेच, ८ ओहमचे, शेल्फवर ठेवायचे.

ही चिप नॅशनल सेमीकंडक्टरची, नव्वदच्या दशकातली. २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ती कंपनी घेतली आणि चिप अजूनही बनते. डेटाशीटप्रमाणे ±२८ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला ६८ वॅट देते. जपानच्या ४७ लॅबने हिच्याच भावंडावर, एलएम३८७५ वर, गेनकार्ड नावाचा महागडा ॲम्प्लिफायर काढला होता. मोजकेच पार्ट, छोटासा डबा. त्याची नक्कल जगभरच्या हौशी लोकांनी घरी केली आणि त्या प्रकाराला गेनक्लोन हे नाव पडलं. माझा त्याच घराण्यातला. माझ्या ट्रान्सफॉर्मरवर ८ ओहमला साधारण २५ ते ३० वॅट निघतात. बारा बाय अकराच्या खोलीत याच्या निम्मेही लागत नाहीत.

पहिला फटका खरेदीत बसला. ऑनलाइन एक तयार किट घेतलं, दोन्ही चिपसकट. अस्सल चिप एकटी जेवढ्याला मिळते त्याहून ते अख्खं किट स्वस्त होतं, तिथेच समजायला हवं होतं. डावं चॅनल काही वाजत नसतानाही चटका बसेल एवढं तापायचं आणि आवाज जरा वाढवला की तार सप्तकात सूर फाटायचा. शेवटी ॲसिटोनचा बोळा चिपवर फिरवला, तर छपाई बोळ्यावर आली आणि खाली खरवडलेला पृष्ठभाग दिसला. दुसरी कुठलीतरी चिप घासून तिच्यावर हे नाव छापलेलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. मग अधिकृत वितरकाकडून दोन नग मागवले. किंमत जवळजवळ चौपट, पण त्यानंतर चिपवर एकदाही संशय घ्यावा लागला नाही. बाकी कशातही काटकसर करा, चिपमध्ये करू नका.

बाकीचा माल पुण्याच्या बुधवार पेठेतून. पासोड्या विठोबापासून तापकीर गल्लीपर्यंतची दुकानं मी कॉलेजात असल्यापासून पालथी घालतोय, तरी आजही तिथे गेलो की दोन वस्तूंसाठी दोन तास जातात. रेझिस्टर, स्क्रू, स्पेसर, स्लीव्ह, फ्यूज होल्डर, सगळं हातात घेऊन बघता येतं. कंडेन्सर हातात घेतला की त्याचं वजन कळतं, आणि वजन बरंच काही सांगतं. ट्रान्सफॉर्मर मात्र वाइंडिंगवाल्याकडून करून घेतला. “ऑडिओसाठी हवाय, गुणगुणला नाही पाहिजे” एवढंच सांगितलं. त्यांनी गाभा एक माप मोठा घेतला आणि जादा पैसे लावले नाहीत. आज रात्री अकरा वाजता कान डब्याला लावला तरी ट्रान्सफॉर्मरचा आवाज येत नाही.

एक प्रसंग तपशिलात सांगतो, कारण त्याने माझे दोन्ही स्पीकर आणि बहुधा दोन्ही चिप वाचवल्या. एलएम३८८६ दोन प्रकारांत येते. टीएफ प्रकाराची पाठ प्लास्टिकने झाकलेली असते. टी प्रकाराची पाठ उघड्या धातूची असते आणि ती आतून ऋण व्होल्टेजला जोडलेली असते. मला टी मिळाली होती. म्हणजे चिप आणि हीट सिंक (तिची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) यांच्या मध्ये अभ्रकाचा पातळ कागद आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग हवीच. मी दोन्ही घातली, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावली, स्क्रू आवळला. पण हीट सिंकला भोक पाडल्यावर कडेची बर नीट काढली नव्हती. नखालाही जेमतेम जाणवेल एवढा धातूचा काटा. स्क्रू आवळताना त्याने अभ्रक फाडला.

पहिल्यांदा वीज देताना मी नेहमी सिरीज बोर्ड लावतो. फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब ॲम्प्लिफायरच्या फेजमध्ये सिरीजला. सगळं ठीक असेल तर कंडेन्सर भरताना बल्ब एकदा भपकन पेटतो आणि मग विझत विझत नुसती लाल तार उरते. त्या रात्री तो पेटला आणि तसाच पेटलेला राहिला. भिंतीवर माझी सावली पडली. बटण बंद करून मीटर लावला तर ऋण रेल (ऋण व्होल्टेजची तार) आणि डबा यांच्यात शून्य ओहम. अभ्रक काढून दिव्यासमोर धरला, मधोमध सुईएवढं भोक. बोर्ड नसता तर १६० व्हीएचा सगळा जोर त्या भोकातून गेला असता. आता मी भोक पाडल्यावर मोठा ड्रिल बिट हाताने दोन वेढे फिरवतो, वर बारीक पॉलिश पेपर मारतो आणि बोट फिरवून बघतो. फिलामेंटचे बल्ब दुकानांतून नाहीसे होत चाललेत, म्हणून सहा घेऊन ठेवलेत.

आता त्या दोन महिन्यांबद्दल.

ॲम्प्लिफायर वाजायला लागला तेव्हा मला तो शांत वाटला. स्पीकरला कान लावला की बारीक घरघर यायची, पण दोन फुटांवर ऐकू येत नव्हती, म्हणून मी सोडून दिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबा मल्लिकार्जुन मन्सूरांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकत बसले होते. विलंबित सुरू व्हायच्या आधी तानपुरा एकटा वाजतो ना, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. “अरे, या तानपुऱ्याचा पंचम हलतोय का? आपल्या जुन्या सेटवर नव्हता हलत.”

मी म्हटलं, “बाबा, रेकॉर्डिंगच तसं असेल.” ते म्हणाले, “नाही रे. चाळीस वर्षं ऐकतोय.”

रात्री वही घेऊन बसलो. आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून त्यातून येणारी घरघर १०० हर्ट्झची. आता काळी एकचा षड्ज धरा, तो साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याचा मंद्र पंचम, म्हणजे तानपुऱ्याची पहिली तार, साधारण १०३.९. माझ्या ॲम्प्लिफायरची घरघर पंचमाच्या जरा खाली, तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मध्ये बसली होती, आणि दोन सूर इतके जवळ आले की आंदोलनं होतात, सेकंदाला जवळपास चार. एकटी घरघर ऐकू येत नव्हती, पण तानपुऱ्याचा पंचम विरत जाताना ती त्याला हलवत होती. बाबांना रेक्टिफायर माहीत नाही. त्यांनी पंचम ऐकला.

मग शोध सुरू झाला. इनपुट शॉर्ट केला तरी घरघर तशीच, म्हणजे दोष बाहेरचा नाही, डब्यातलाच. चुकत होतं ते असं. कंडेन्सर सतत भरत नाहीत, प्रत्येक लहरीच्या टोकाला थोडा वेळ एकदम भरतात, आणि त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेतून कितीतरी अँपिअरचा झटका जातो. मी इनपुटचा ग्राउंड त्याच तारेवर, ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सरच्या मध्ये जोडला होता. तार तांब्याची आणि जाड असली तरी तिला थोडा रोध असतोच. त्या झटक्याने तिच्यावर काही मिलिव्होल्ट तयार होत होते आणि चिप त्यांनाच गाणं समजून मोठं करत होती.

उपाय तारा कापून पुन्हा जोडण्याचा. दोन कंडेन्सरांचा जोड हा मधला बिंदू. ट्रान्सफॉर्मरची मधली तार तिथे येऊन संपली पाहिजे. तिथून एक आखूड जाड पट्टी पुढे काढायची आणि तिच्या टोकाला स्टार करायचा. स्पीकरच्या परतीच्या तारा, दोन्ही चिपचे ग्राउंड, इनपुटचा ग्राउंड, प्रत्येकाची आपली तार घेऊन सगळे त्या टोकावर. झटके पट्टीच्या अलीकडे राहतात, पलीकडे येत नाहीत. मी हे तीन वेळा चुकीचं केलं, कारण कागदावर ग्राउंडची सगळी चिन्हं सारखी दिसतात. चौथ्या खेपेला कान अगदी स्पीकरच्या शंकूला टेकवला तरी घरघर नव्हती. फक्त बारीकसा श्वासासारखा हिस. त्या रात्री मी कुणालाच न उठवता तासभर नुसता तानपुरा ऐकत बसलो.

यानंतर कॉम्प्युटर जोडला आणि दुसरी गुणगुण आली, ५० हर्ट्झची, जाड आवाजाची. हा ग्राउंड लूप. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोघेही तीन पिनांचे, दोघांचं अर्थिंग भिंतीत एक, वर सिग्नलच्या केबलनेही जोडलेले, म्हणजे वर्तुळ पूर्ण. यावर “अर्थची पिन काढून टाक” असा सल्ला दुकानातही देतात. कृपा करून तसं करू नका. धातूचा डबा आहे, आत २३० व्होल्ट आहेत, घरात मुलं हात लावतात. डबा थेट अर्थिंगला पक्का जोडा, आणि सिग्नलचा ग्राउंड व डबा यांच्या मध्ये १० ओहमचा रेझिस्टर टाका. त्याला समांतर एक मोठा ब्रिज, त्याची प्लस-मायनस टोकं एकमेकांना जोडून. गुणगुणीचे मिलिव्होल्ट डायोड उघडू शकत नाहीत, त्यांना रेझिस्टर अडवतो. खरा फॉल्ट झाला तर डायोड वाहतात आणि फ्यूज उडतो. माझी गुणगुण याने गेली.

गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट मोठा करतो, तोही बघा. किटमध्ये तो ठरवणारे रेझिस्टर ३३ किलोओहम आणि १ किलोओहम होते, म्हणजे ३४ पट. आजकालचे डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारे) २ व्होल्ट देतात, त्यामुळे व्हॉल्यूमचा पॉट जेमतेम हलवला की आवाज भरून यायचा, आणि पॉटच्या त्या सुरुवातीच्या भागात डावं-उजवं कधीच सारखं नसतं. गाणारा डावीकडे सरकायचा. ३३ च्या जागी २० किलोओहम टाकले, गेन २१ झाला. चिपला दहाच्या वर गेन हवा असतो, म्हणून यात अडचण नाही. हिसही कमी झाला. पॉट तरी बदलावाच लागला, निळ्या रंगाचा नामांकित दिसणारा होता पण तोही नकली निघाला.

डब्याचं दुखणं निराळं. मला दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमचे सहा पत्रे कापून, वाकवून हवे होते. भोसरीत पाच वर्कशॉप हिंडलो. ड्रॉइंग बघून सगळ्यांचा एकच प्रश्न, “किती नग?” एक म्हटलं की ड्रॉइंग परत. त्यांचंही बरोबर आहे, मशिन लावायलाच अर्धा तास जातो. सहाव्या ठिकाणी एका मालकांनी विचारलं, “हे आहे काय?” सांगितल्यावर म्हणाले, शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या मालाच्या उरलेल्या पत्र्यातून काढून देतो. दिलं, आणि कोपरे इतके सरळ की गुण्या लावून दिवा धरला तरी फट दिसत नाही. मागच्या पत्र्यावर आरसीएच्या (सिग्नल केबलच्या सॉकेटच्या) भोकाचं माप मीच अर्धा मिलिमीटर कमी दिलं होतं, ते रविवारी कानसेने वाढवत बसलो.

एप्रिल-मेमध्ये खोलीत ४० अंशांच्या आसपास असताना हीट सिंक ५२ पर्यंत गेला, त्याच्यावर नाही. चिप रिकामी बसली तरी दोन-अडीच वॅट खाते, म्हणून थोडं कोमट असणं साहजिक. जुलैत एक दिवस उजवं चॅनल मधूनच जायला लागलं. मला वाटलं डाख कच्चा राहिला. सगळे पुन्हा तापवले, फरक नाही. आरसीएच्या सॉकेटवर ओलीने काळपट थर आला होता. सोन्याचा मुलामा म्हणून विकलेले सॉकेट. चांगले घेऊन बसवल्यापासून ठीक आहे.

आवाजाबद्दल. खर्ज भरीव आहे आणि पसरत नाही, तबल्याच्या डग्ग्यावरचा मींडेचा घिस्सा पूर्ण ऐकू येतो. किशोरीताईंचं गाणं ऐकताना दोन ओळींच्या मधला श्वास, मागच्या स्वरमंडलाची शेवटची तार, हे आमच्या जुन्या सेटवर कधी नव्हतं. मोठ्या हॉलसाठी किंवा ४ ओहमच्या दमदार स्पीकरसाठी माझा ट्रान्सफॉर्मर कमी पडेल, त्यांनी ३०० व्हीएचा घ्यावा आणि सॉफ्ट स्टार्टही (चालू करतानाचा विजेचा झटका कमी करणारा) बसवावा. खर्च नकली किट सोडून साडेनऊ हजारांच्या आसपास आला. त्या पैशांत तयार ॲम्प्लिफायर मिळतो, तेव्हा बचतीसाठी कुणी याच्या नादी लागू नये. मला सोल्डरचा वास आवडतो, आणि पंचम का हलतो हे शोधायला आवडतं.

एक काम राहिलंय. चालू करताना स्पीकरमधून ठोका येत नाही, म्यूटच्या पिनवर कंडेन्सर आहे. पण बंद केल्यावर चार-पाच सेकंदांनी स्पीकरमधून “थप्प” येतो. स्पीकर प्रोटेक्शनचा रिलेवाला बोर्ड आणून टेबलावर ठेवलाय. त्याला डब्यात जागा करायची तर स्टारची पट्टी दीड इंच हलवावी लागेल, आणि तिला हात लावायचं माझं अजून मन होत नाही.