फॅलोच्या ऑपरेशननंतरची सीपेट: तपासणी चांगली, पण लॅब पारखून घ्या

लहानपणी टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेली मुलं आता कॉलेजात, नोकरीत आहेत. दरवर्षी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, ‘पंपिंग छान आहे’ ऐकून घरी येतात आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जाताना मध्येच थांबतात. एको झोपवून काढतात, जिन्यात हृदय काय करतं ते त्यात दिसत नाही. त्यासाठी सीपेट, म्हणजे कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट. नीट केली तर पैसा वसूल, घाईत उरकली तर नुसते रंगीत आलेख.

फॅलोच्या ऑपरेशनात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र पॅचने बुजवतात आणि उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. झडपेच्या कड्यावरून आडवा पॅच द्यावा लागला असेल तर ती झडप पुढे गळतच राहते आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो. रुग्णाला मात्र ‘काही त्रास नाही’ असंच वाटतं, कारण त्याने नकळत चालच कमी केलेली असते. म्हणून नवी झडप कधी बसवायची हे ठरवताना एमआरआयवरच्या मापांबरोबर मोजलेली कसरत-क्षमताही बघतात. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ती आहे.

‘मग टीएमटी (ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट) केली तर चालणार नाही का?’ हा नेहमीचा प्रश्न. टीएमटीत मेट्सचा, म्हणजे कसरत विश्रांतीच्या किती पट झाली याचा, आकडा पट्ट्याचा वेग आणि चढ यांवरून काढलेला अंदाज असतो. कठडा घट्ट धरून चाललं की तो आकडा फुगतो. सीपेटमध्ये तोंडावर मास्क लावून प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजतात.

लॅब कशी आहे ते पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. मशीनचं कॅलिब्रेशन त्याच दिवशी झालंय का, हे बेधडक विचारा. हवेच्या प्रवाहासाठी ३ लिटरची सिरिंज आणि वायूंसाठी ठरावीक मिश्रणाचा सिलिंडर, दोन्ही लागतात. कसरतीआधी स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं) व्हायलाच हवी, कारण छाती उघडून ऑपरेशन झालेल्यांची फुप्फुसांची क्षमता बऱ्याचदा कमी असते आणि मग दम हृदयामुळे लागतोय की फुप्फुसांमुळे, हे नंतर सांगता येत नाही. मास्क मापाचा हवा, नाकाच्या बाजूने हवा सुटली की ऑक्सिजनचा आकडा खोटाच कमी येतो. सायकलवर भार दर मिनिटाला १० ते २० वॅटने हळूहळू वाढवून ८ ते १२ मिनिटांत माणूस पूर्ण थकेल असा बेत असतो. अशक्त रुग्णाला भार फार वेगाने वाढवला तर चार मिनिटांतच पाय भरून येतात आणि हृदयाची परीक्षा राहूनच जाते.

सगळ्यात जास्त घोळ रक्तदाबात होतो. फॅलोच्या काही बाळांना पूर्ण ऑपरेशनआधी ब्लॅलॉक-टॉसिग शंट, म्हणजे फुप्फुसाकडे जास्त रक्त नेणारी तात्पुरती वाट, करतात. त्याच्या मूळ पद्धतीत हाताकडे जाणारी रोहिणीच कापून वळवलेली असते. त्या हाताला पट्टा बांधला तर दाब खोटा कमी दिसतो, आणि कसरतीत दाब वाढत नाही म्हणून तपासणी विनाकारण थांबवली जाते. ऑपरेशनचा जुना कागद सोबत न्या आणि कुठल्या बाजूला शंट होता ते तंत्रज्ञाला आधीच सांगा. ईसीजीचंही तसंच. फॅलोनंतर बहुतेकांना राइट बंडल ब्रँच ब्लॉक (उजव्या कप्प्याकडे विजेचा संदेश उशिरा पोचणं) राहतो आणि ईसीजीचा आकारच बदललेला असतो, त्यामुळे मशीनने आपोआप छापलेल्या ‘एसटी बदल’ (हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण) वर विसंबू नये. ठोके अनियमित होतात का, हे बघायला मात्र डॉक्टर खोलीत हजर हवा. शेजारच्या ओपीडीत असलेला डॉक्टर हजर धरू नका.

रिपोर्टमध्ये आधी आरईआर शोधा, म्हणजे बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन. साधारण १.१० च्या वर असेल तर रुग्णाने पुरता जोर लावला असं धरतात. समजा वजन ५० किलो, ऑक्सिजनचा उच्चांक मिनिटाला १२०० मिली, म्हणजे किलोमागे २४, आणि नाडी १५०. आरईआर ०.९४ असेल तर तो २४ म्हणजे लवकर थांबल्याचा पुरावा, हृदयाचा निकाल नव्हे. तोच २४ आरईआर १.१५ ला आला आणि वय १९ असेल, तर नाडी चढत नाही ही खरी अडचण आहे (नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर आधी तिकडे बोट दाखवा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका). १२०० ला १५० ने भागून ८ मिली हा ऑक्सिजन पल्स येतो. त्याचा आलेख अर्ध्यातच सपाट झाला तर दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त वाढत नसल्याची शंका घ्यायची. हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑक्सिजनचा उच्चांक आणि ऑक्सिजन पल्स दोन्ही खाली येतात. तेव्हा सीबीसी जवळच्या तारखेचा असू द्या.

आमची मोठी तक्रार शेवटच्या पानाबद्दल आहे. ‘मध्यम घट, नियमित व्यायाम करावा’ एवढ्यावर बोळवण होते. अॅनेरोबिक थ्रेशोल्डला (जिथून स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो ती पातळी) नाडी किती होती, हा आकडा तपासणीत मिळालेलाच असतो. तो लिहून दिला तर चालण्याचा, सायकलचा वेग त्याच्या आसपास ठेवता येतो, आणि घरचे ‘जपून रे’ म्हणत खेळ बंद करत नाहीत. तो मागूनच घ्या. सोबत नऊ आलेखांचं पान आणि कच्च्या आकड्यांची फाइलही घ्या. पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच साधनावर करा, कारण ट्रेडमिलवर ऑक्सिजनचा उच्चांक सायकलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त येतो आणि वर्षभरात ‘सुधारणा’ झाल्याचा भास होतो. पाय पेडलपर्यंत न पोचणाऱ्या लहान मुलांसाठी सायकलवरच्या तपासणीचा हट्ट नको, त्यांना सध्या सहा मिनिटांची चालण्याची चाचणी पुरे.