लडाखच्या गावासाठी बर्फ कुठे साठवावा: बांधांमागे की स्तूपात?

लेहच्या परिसरात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे तिथले जव-गव्हाचे पीक हिमनदीच्या पाण्यावरच उभे असते. पेरणी एप्रिल-मेमध्ये, तर उंचावरील बर्फ पुरेसा वितळतो जूनमध्ये. हिमनद्या आटत चालल्याने आणि हिवाळी बर्फ बेभरवशाचा झाल्याने या मधल्या काळातली पाण्याची ओढाताण वाढली आहे. ती भागवण्यासाठी हिवाळ्यातले पाणी गावाजवळ गोठवून ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत.

चेवांग नोर्फेल या अभियंत्याने १९८० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत नाल्याचे हिवाळी पाणी सावलीच्या उतारावर वळवून दगडी बांधांमागे थराथराने गोठवतात. दगड गावातलाच असतो, गवंडीकाम गावाला येते आणि नळाचा खर्च फारसा नसतो. मात्र गावाच्या वर, डोंगराच्या सावलीत सपाटसर जागा हवी, आणि ती प्रत्येक खोऱ्यात असतेच असे नाही. शिवाय नाल्यालगतच्या बांधांना पुराची भीती किती, हे २०१० च्या ढगफुटीनंतर वेगळे सांगायला नको.

सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या हिवाळ्यात पहिला नमुना उभारलेला बर्फाचा स्तूप सावलीवर अवलंबून नाही. वरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे उडते आणि गोठत शंकू उभा राहतो. आकारमानाच्या मानाने त्याचा उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग कमी असल्याने तो शेताजवळही वसंतापर्यंत टिकतो. परंतु उडवलेल्या पाण्यातील बराचसा भाग न गोठताच वाहून जातो, आणि कडाक्याच्या रात्री प्रवाह थांबला की नळच गोठतो. त्यावर नजर ठेवायला रात्री कोण जाणार, हा प्रश्न तरुण मंडळी पर्यटनाच्या कामधंद्यासाठी लेहला गेलेल्या गावात नळाच्या किमतीपेक्षा अवघड ठरतो.

माझे मत असे, की दोन्हींच्या आधी गावचे ‘झिंग’, म्हणजे रात्रीचे पाणी साठवून दिवसा सोडणारे तळे, आणि त्याचे पाट दुरुस्त करावेत, कारण गळक्या पाटात सोडलेला बर्फाचा थेंब शेतापर्यंत पोहोचत नाही. पाण्याच्या पाळ्या ठरवणारा ‘चुरपोन’ (आपल्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीतील पाटकऱ्याचा डोंगरातला भाऊबंद म्हणावा) अजून नेमला जात असेल, तर सावलीची जागा असलेल्या गावाने बांध निवडावेत. जागा नसेल पण नळ सांभाळणारी माणसे असतील, तर स्तूप. दोन्ही पद्धती पाण्याची वेळ बदलतात, पाणी निर्माण करत नाहीत. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी निदान दोन हिवाळे, जानेवारीत नाला किती वाहतो, हे मोजून घ्यावे.