ट्रॅकवर नेतो म्हणाले आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर नेलं

२०२४ च्या जानेवारीत मी ४२ हजार रुपये भरून परफॉर्मन्स ड्रायव्हिंगचा, म्हणजे गाडी वेगात पण ताब्यात ठेवून चालवायला शिकण्याचा, दोन दिवसांचा कोर्स केला. त्याच कोर्समध्ये 'सीझन पॅकेज' म्हणून आणखी १ लाख १० हजार दिले. त्यातला एक रुपया परत आलेला नाही. पैसे गेल्याचा राग आहे, पण त्याहून मोठा राग याचा आहे की त्या दोन दिवसांत तिथे कुणाचाही जीव गेला असता, आणि तीच माणसं आता दुसऱ्या नावाने जाहिराती टाकताहेत.

मी चाकणला टूलरूममध्ये काम करते. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली, तेव्हा बाबांबरोबर टीव्हीसमोर बसून ती पूर्ण शर्यत पाहिली होती. पुढे सुट्टीच्या दिवशी गो-कार्टिंग सुरू झालं. स्वतःच्या गाडीवर नीट शिकावं आणि एकदा तरी शर्यतीच्या हौशी गटात उतरावं, एवढीच इच्छा होती. अडचण अंतराची. शर्यतीचे मोठे ट्रॅक सगळे दूर: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, उत्तरेत बुद्ध. तशा तोडीचं मोठं सर्किट तेव्हा आपल्या महाराष्ट्रात नव्हतं. पुण्याहून चेन्नई गाठायची तर बाराशे किलोमीटर. म्हणून 'पुण्याजवळ, दोन दिवसांत, रेसिंग लायसन्ससह' अशी जाहिरात दिसली की आपल्याकडचा माणूस लगेच फोन लावतो. मीही लावला.

"मॅडम, तीनच सीट राहिल्यात. लायसन्स आम्हीच काढून देतो, इन्शुरन्स आमच्याकडे, मार्चमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर दुसरी लेव्हल." पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेले. पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर 'रिसीव्ह्ड' एवढाच शब्द आला. खातं संस्थेच्या नावाचं नाही, हे मला त्या क्षणी दिसलं होतं. मी विचारलं नाही.

ठिकाण आदल्या रात्री कळवलं. नव्या औद्योगिक वसाहतीतला दीडएक किलोमीटरचा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट आणि मुरुमाचे ढीग. मध्ये प्लास्टिकचे कोन मांडलेले. १४ गाड्या आल्या होत्या. अॅम्ब्युलन्स नव्हती. आग विझवायचं एक लहान सिलिंडर होतं, त्याचा काटा लाल पट्ट्यात पडलेला. हेल्मेट दिली ती मोटरसायकलची. गाडीच्या शर्यतीचं हेल्मेट वेगळं असतं, त्याचं अस्तर आग सोसणारं असतं, हे मला पुढे समजलं. सकाळी साडेनऊच्या सुमारास एक काका दुचाकीवर कडब्याच्या पेंढ्या बांधून सरळ आमच्या कोनांमधून आले. समोरून एक गाडी शंभरच्या पुढच्या वेगाने येत होती. ती डावीकडे वळवली गेली म्हणून काका वाचले. शिकवणाऱ्यांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. रस्ता बंद करायला माणूसच ठेवलेला नव्हता.

आणि शिकवलं काय? पहिल्या फेरीपासून स्टॉपवॉच. फळ्यावर नावं आणि वेळा. "पाय दाबा, मागे पडू नका." सीट कशी लावायची, नजर कुठे ठेवायची, ब्रेक कधी सोडायचा, यावर एक अक्षर नाही. १९ वर्षांचा एक मुलगा वडिलांची गाडी घेऊन आला होता. फळ्यावर शेवटचं नाव त्याचं होतं, आणि ते खोडण्यासाठी तो दर फेरीला आणखी वेडावाकडा चालवत होता.

पहिल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचा थ्रॉटल कंट्रोल, म्हणजे अॅक्सिलरेटरवरचा ताबा, उपजत आहे. असं टॅलेंट वाया घालवू नका." सीझन पॅकेज घ्या, चेन्नईत फॉर्म्युला गाडी, म्हणजे उघड्या चाकांची एका सीटची शर्यतीची गाडी, चालवायला मिळेल. मी त्याच रात्री पैसे भरले. पुढे आम्ही सहा जण एकमेकांशी बोललो, तेव्हा कळलं की सहाही जणांना हेच वाक्य ऐकवलं होतं, शब्दही तेच. नवशिक्याला स्वतःचं मोजमाप करता येत नाही. ही माणसं नेमकी तिथेच हात घालतात.

दुसऱ्या दिवशी सातव्या की आठव्या फेरीत माझं ब्रेक पेडल खाली बसलं. जळका वास येत होता, पाय फळीला टेकला आणि गाडी थांबेना. गिअर खाली टाकत, हँडब्रेक थोडा थोडा ओढत मी मुरुमाच्या ढिगाला जाऊन धडकले. बंपर, रेडिएटर, एक हेडलाइट गेला. हात कितीतरी वेळ थरथरत होते. ट्रेनर जवळ येऊन म्हणाला, "पंप करायचा ना ब्रेक, मॅडम!"

आमच्या गॅरेजवाल्या काकांनी नंतर ब्रेक ऑइल काढून दाखवलं. चहासारखं काळपट झालेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं. असं पाणी धरलेलं ऑइल लवकर उकळतं, त्याची वाफ होते, आणि पाय दाबला की ब्रेकऐवजी ती वाफच दबते. रोजच्या रस्त्यावर हे सहसा जाणवत नाही. लागोपाठ जोरात ब्रेक मारले की जाणवतं. कोर्सला येण्याआधी ऑइल बदला, पॅड तपासा, एवढा एक मेसेज त्यांनी पाठवला असता तर पुरे होतं.

इन्शुरन्स कंपनीने क्लेम नाकारला. काय घडलं ते मी खरं लिहून दिलं होतं. 'आमच्याकडे इन्शुरन्स' याचा अर्थ काहीच नव्हता, आणि माझ्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला होता. तुमचीही पॉलिसी काढून वापराच्या मर्यादांचं कलम वाचा; खासगी गाडीच्या पॉलिसीत ही अट असतेच. शिवाय राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्यात भाग घेणाराही अडकतो. आम्ही १४ जण पैसे भरून त्यात उभे होतो.

लायसन्स म्हणून जो कागद मिळाला, त्यावर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा लोगो होता आणि खाली एक नंबर. मी चेन्नईच्या त्यांच्या कार्यालयात विचारलं. असा नंबर त्यांच्या नोंदीत नव्हता. स्पर्धेचं लायसन्स फक्त फेडरेशन देतं. अर्ज तुमच्या नावाने तिथे जावा लागतो. कुणी कोर्सच्या शेवटी ते हातात ठेवतो म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. मार्चची चेन्नईची तारीख एप्रिलवर गेली, मग जूनवर, मग फोन बंद.

वर्षभराने हिंमत करून कोइमतूरला गेले, करी ट्रॅकवर. तिथल्या शिक्षकांनी पहिला अर्धा तास मला फक्त बसायला शिकवलं. पाठ सीटला टेकलेली, हात सरळ केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला. मग मला पूर्ण ट्रॅक पायी फिरवून आणलं. प्रत्येक वळणावर थांबून, गाडी कुठून आत घ्यायची, कुठे आतली कड गाठायची, कुठे बाहेर सोडायची, हे डांबरावर बोट ठेवून दाखवलं. ब्रेक सरळ रेषेत, आधी जोरात आणि मग हळूहळू सोडत. कारण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते आणि वळायला तीच पकड लागते. दिवसभर कुणी स्टॉपवॉच काढलं नाही. प्रत्येक सेशननंतर एक फेरी सावकाश, ब्रेकच्या तापलेल्या डिस्क निवायला. उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची. दुपारी अॅम्ब्युलन्स एका कामासाठी बाहेर गेली, तर ती परत येईपर्यंत लाल झेंडा लागला आणि सगळे सावलीत बसून राहिलो. त्या पाऊण तासात मला जानेवारीतले कडबावाले काका आठवत होते.

पोलिसांनी आधी 'हा दिवाणी व्यवहार आहे' म्हणून परत पाठवलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर केलेल्या ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा फारसा उपयोग झाला नाही, कारण तोवर महिने उलटले होते. तिथे फोन पहिल्या काही तासांत जायला हवा. आता आम्ही सहा जण ग्राहक आयोगात गेलो आहोत. त्या बॅचमधले बाकीचे आठ जण हे वाचत असतील तर त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट, तो 'रिसीव्ह्ड'वाला मेसेज आणि लायसन्सचा कागद जपून ठेवावा, चॅट डिलीट करू नये. त्या १९ वर्षांच्या मुलाला विशेष सांगणं: तुझ्या व्हिडिओत ते काका आणि समोरून येणारी गाडी, दोन्ही दिसतात. तो व्हिडिओ आम्हाला हवा आहे.