फ्लॅट, गाळा, प्लॉट की रीट: पैसे कुठे अडकवायचे?

‘जागेत पैसा कधी बुडत नाही’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, मागच्या मंदीत तुमच्या जागेचा भाव किती उतरला होता? उत्तर येत नाही. शेअरचा भाव रोज डोळ्यांसमोर नाचतो, जागेचा मात्र विकायला काढल्यावरच कळतो. न दिसणाऱ्या घसरणीला आपण सुरक्षितता समजून बसतो.

भाड्याने द्यायच्या फ्लॅटचंच बघा. किंमत १०० धरू. त्यातले २० तुमचे, ८० कर्जाचे, व्याज साडेआठ टक्के. पहिल्या वर्षाचं व्याज ६.८ आणि खर्च वजा जाता हाती पडणारं भाडं ३, म्हणजे वर्षाला ३.८ खिशातून. वर्षभरात भाव १० टक्के चढला, तर तूट वजा जाऊन ६.२ उरतात, तुमच्या २० वर ते ३१ टक्के झाले. चारचौघांत सांगायला झकास. पण भाव तेवढाच उतरला, तर १३.८ गेले, म्हणजे भांडवलाचे ६९ टक्के. हाच फ्लॅट रोखीने घेतला असता, तर हेच आकडे अधिक १३ आणि उणे ७ आले असते. खरेदी-विक्रीचा खर्च आणि कर यात धरलेलेच नाहीत.

भाड्याचा हिशेब करताना बारा महिने कधीच धरू नका. भाडेकरू बदलताना एक महिना जागा रिकामी राहिली, की वर्षाच्या भाड्याचे ८ टक्के गेलेच. रंगरंगोटी, देखभाल आणि दलाली वेगळी.

दुकानाचा गाळा किंवा ऑफिसची जागा घरापेक्षा सहसा जास्त टक्के भाडं देते, करारही लांब मुदतीचे असतात, आतली सजावट बहुधा भाडेकरूच करून घेतो. दुखणं वेगळंच आहे. घराला भाडेकरू महिन्या-दोन महिन्यांत मिळतो. गाळा रिकामा झाला की तो तसाच पडून राहू शकतो. ओळखीतल्या एकाचा गाळा अकरा महिने बंद होता. शटर खाली, देखभालखर्च चालूच. कागदावर वर्षाला ८ टक्के भाडं होतं; तीन वर्षांची सरासरी काढली तर ते साडेपाचाच्या आसपास आलं.

प्लॉटबद्दल थोडक्यात: भाडं शून्य, सगळी भिस्त भाववाढीवर. वर हद्द, मालकीहक्क आणि रस्ता यांची डोकेदुखी. जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले, त्यामुळे ‘थांबलं की मिळतंच’ हेही खरं नाही.

रीट म्हणजे अनेकांच्या पैशांतून घेतलेल्या मोठ्या इमारती आणि शेअर बाजारात विकता येणारे त्यांचे हिस्से. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने ही सोय झाली; तिथे करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग रीटला हिस्सेदारांमध्ये वाटावाच लागतो. थोड्या पैशांत प्रवेश मिळतो, भाडेकरूची कटकट नाही. पण २००८ मध्ये तिथला रीट निर्देशांक सुमारे ३८ टक्के आपटला आणि २००९ मध्ये २८ टक्के चढला. म्हणजे १०० चे ६२ झाले आणि मग सुमारे ८०. ज्यांना ६२ वर पैसे लागले, त्यांनी ६२ वर विकले. फ्लॅटवाल्याला त्या काळात असा भाव बघून घाबरावं तरी लागलं नाही, पण पैशांची गरज पडल्यावर गिऱ्हाईक मिळालं असतंच असंही नाही.

म्हणून माझी निवड परताव्याच्या टक्क्यांवरून ठरत नाही. अडीअडचणीत विकावं लागेल का, हे मी आधी बघतो. पाच वर्षांच्या आत पैसे लागणार असतील, तर कर्जावरचा फ्लॅट नको. भाडं न येता वर्षभर हप्ते भरता येत असतील, तर जरूर घ्या. गाळ्यासाठी मी ही मुदत दीड वर्ष धरेन. प्लॉट फक्त विसरून जाता येईल अशा पैशांतून. आणि सगळी पुंजी एकाच इमारतीत जाणार असेल, तर त्यातला निम्मा भाग रीटमध्ये, तोही दर वर्षी थोडा थोडा.