एए की पाठपुरावा? दारू सोडल्यावर कुठल्या गटात जायचं

ह्यांना व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. पण चारच दिवसांनी, संध्याकाळचे सात वाजले आणि हे नुसते घरात येरझाऱ्या घालायला लागले. वीस वर्षं त्याच वेळेला पाय बारकडे वळायचे. दारू सोडणं एक आणि ती संध्याकाळ काढणं दुसरं, हे मला तेव्हा कळलं. गट लागतो तो त्या संध्याकाळसाठी.

आपल्याकडे मुख्यतः दोन वाटा आहेत: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, आणि व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट. आम्ही दोन्ही केले.

एएची सुरुवात 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात झाली, दोन दारुड्यांच्या गप्पांतून. एक शेअर दलाल होता, दुसरा सर्जन. भारतात एए 1957 पासून आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, ‘दारू सोडायची इच्छा आहे’ एवढीच अट. खर्च मीटिंगमध्ये पिशवी फिरवून भागवतात. ज्याला जमेल त्याने टाकायचं. ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात. मी पहिल्यांदा गेले ती शाळेच्या वर्गात होती. फळ्यावर मुलांची गणितं तशीच होती आणि लहान बाकांवर मोठे बाप्ये गुडघे वर करून बसलेले. एक रिक्षावाले दादा उठले आणि मुलीच्या फीचे पैसे कसे प्यायले ते सांगितलं. कोणी उपदेश केला नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ते मान खाली घालून ऐकत होते. माझ्या हजार बोलण्यांनी जे झालं नव्हतं, ते त्या दादांच्या पाच मिनिटांनी झालं.

एएचा मोठा आधार म्हणजे स्पॉन्सर, आधी सोडलेला माणूस. रात्री अकराला तलफ आली तर त्याला फोन करता येतो. मोठ्या शहरांत जवळपास कुठे ना कुठे मीटिंग सापडते, लहान गावात ते अवघड. मीटिंगमधलं देवाचं बोलणं काहींना खटकतं. हेही पहिल्यांदा वैतागले होते. स्पॉन्सर म्हणाले, ‘देव राहू द्या, या खोलीतल्या माणसांवर तरी विश्वास ठेवा.’ तेवढ्यावर गाडी पुढे सरकली.

पाठपुराव्याचा बाज वेगळा. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र घ्या. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. तिथले उपचार 35 दिवसांचे, आणि नंतर ठिकठिकाणच्या गटांतून पाठपुरावा. अशा गटात समुपदेशक असतो, त्याला तुमच्या माणसाची हकिकत माहीत असते. बायको, आई, भाऊ शेजारी बसतात. कर्ज, नोकरी, गोळ्या चालू आहेत का, सगळं निघतं. उणी बाजू अशी, की बायकोसमोर पुरुष सगळं बोलत नाही. ह्यांनी एका लपवलेल्या बाटलीची गोष्ट एएत सांगितली. मला ती वर्षभराने कळली. शिवाय आमच्या भागातला पाठपुरावा महिन्यातून एकदाच, आणि मधल्या एकोणतीस संध्याकाळी तुमच्या तुम्हाला काढायच्या.

माझे दीर विचारायचे, नुसतं बोलून दारू सुटते का? 2020 मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला. 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं. दारूपासून सलग लांब राहण्यात एए आणि एएशी जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांच्या बरोबरीचे, काही बाबतींत सरस ठरले. म्हणून मला विचाराल तर पहिल्या तीन महिन्यांत एए निवडा, कारण ती आठवड्यातून अनेकदा मिळते. गावात एए नसेल तर पाठपुरावा धरा आणि मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगने मधले दिवस भरा. पिणारी बाई असेल, तर पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये तिला ढकलू नका, बायकांची मीटिंग आधी शोधा. तीही ऑनलाइन मिळते.

एक गोष्ट मात्र गटाच्या आधी. माणूस अजून रोज पीत असेल तर एकदम बंद करायला लावू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. कुठे जायचं सुचत नसेल तर 14446 ही सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे.

आणि तुमचं काय, वहिनी? मी रोज ह्यांचं तोंड हुंगायची, खिसे तपासायची. त्यात माझी झोप गेली, त्यांची दारू नाही गेली. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अ‍ॅनॉन आहे, मुक्तांगणात बायकांचा सहचरी गट आहे. तो प्यायचा थांबला नसला तरी तुम्ही जाऊ शकता, त्याची परवानगी लागत नाही. मी त्यांच्याआधी दोन महिने जायला लागले होते.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी हे एएला जातात, महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं पाठपुराव्याला. सात वाजता अजूनही ते घड्याळाकडे बघतात. मग चप्पल घालतात आणि शाळेकडे निघतात.