काकांच्या गिटारचे पिकअप दुरुस्तीला पाठवले आणि परत दुसरेच आले

हे लिहायला तीन महिने लावले, कारण मधे इतका राग होता की नीट सांगताच आलं नसतं. घरात जुनी इलेक्ट्रिक गिटार पडलीये आणि ती स्वतः सोडवून परत वायरिंग करायचा विचार आहे अशा लोकांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझे मोठे काका गिरगावात राहायचे, सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नं, गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम, सगळीकडे. त्यांची गिटार टेस्को डेल रे, जपानी, दोन पिकअपची (पिकअप म्हणजे तारांखालचा मॅग्नेट आणि बारीक तारेच्या वेढ्यांचा भाग, तो तारांची थरथर पकडून अँपला देतो). १९७४ मधे गोव्याच्या एका तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या, माणसाकडून त्यांनी ती सेकंडहँड घेतली. तेव्हा परदेशी वाद्यं दुकानात सहज मिळत नव्हती, आयातीवर बंधनं होती, त्यामुळे बोटीवरच्या लोकांकडूनच बरीच वाद्यं इकडे यायची. टेस्को कंपनी १९४६ ची, १९६७ मधे कावाईने ती विकत घेतली. काका आता ७८ वर्षांचे आहेत, हात थरथरतात म्हणून वाजवणं सुटलं, आणि गेल्या दिवाळीत त्यांनी ती गिटार माळ्यावरून काढून मला पुण्याला न्यायला दिली. "बघ चालू होते का" एवढंच म्हणाले.

साफसफाई मी मजेत केली. फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, हिरवट गंज होता, तो बारीक स्टील वूलने काढला, पण त्याआधी पिकअपवर मास्किंग टेप लावली, नाहीतर लोखंडाचा तो चुरा मॅग्नेटला चिकटतो आणि मग निघता निघत नाही. ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, उघडून ग्रीस केले. आत बघितलं तर वायरींचं प्लास्टिक हात लावला की तुटत होतं, जॅक सैल, व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरणारा भाग) फिरवला की नुसती खरखर. म्हणलं वायरिंग पूर्णच नवीन करू. तपकीर गल्लीतून शिल्डेड वायर, पॉट, कपॅसिटर, जॅक आणि तांब्याची चिकट पट्टी घेऊन आलो, हजाराच्या आत सगळं आलं.

मल्टीमीटर २० किलोओमच्या रेंजवर ठेवून पिकअप मोजले. मानेकडचा ५.८, एकदम ठणठणीत. ब्रिजकडच्यावर (ब्रिज म्हणजे खालच्या टोकाला तारा टेकतात तो भाग) काहीच रीडिंग नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. ही तार केसापेक्षा बारीक असते, एका पिकअपला हजारो वेढे, घरी जोडणं माझ्या हातचं नव्हतं. रिवाइंड करणारा, म्हणजे तार नव्याने गुंडाळून देणारा, कुणीतरी शोधायला लागलो आणि इथूनच चूक सुरू झाली.

आधी हे पिकअप काय चीज आहे ते सांगतो, कारण मला स्वतःला ते नंतर कळलं. वरच्या झाकणात सोनेरी पत्रा असतो म्हणून यांना गोल्डफॉइल म्हणतात. आत मॅग्नेट रबराचं असतं, साधारण फ्रिजच्या दाराच्या पट्टीत असतं त्या जातीचं, ओढ कमी. त्यामुळे आवाज फार मोकळा येतो, जरासा घशातला वाटतो. एकेकाळी या गिटार स्वस्तातल्या म्हणून कुणी विचारत नव्हतं, पण राय कूडर या अमेरिकन गिटारिस्टने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमधे टेस्कोचा गोल्डफॉइल बसवला आणि नंतर लोक हे शोधायला लागले. आज परदेशात एका ओरिजिनल पिकअपला शंभर डॉलरच्या वर सहज जातात. आणि दिसायला हुबेहूब अशा नकली पण भरपूर मिळतात, सोनेरी पत्रा तोच पण आतला माल वेगळा. मला यातलं काही माहीत नव्हतं. समोरच्याला सगळं माहीत होतं.

गिटार वाजवणाऱ्यांच्या एका ग्रुपमधे मला एका रिवाइंड करणाऱ्याचं नाव मिळालं. परराज्यातला माणूस, हिंदीत बोलणारा, फोनवर इतका आदराने बोलायचा की शंकेला जागाच नाही. फोटो पाठवल्यावर पाच मिनिटांत त्याचा फोन आला. रिवाइंडचे १८०० सांगितले. मग म्हणाला दोन्ही पाठवा, चालू असलेला समोर असला तर वेढे तसेच घालता येतील, दोन्हीचा आवाज मॅच होईल. ऐकायला बरोबरच वाटलं ना? खरं तर चालू पिकअपचं रीडिंग त्याला फोनवर सांगितलं असतं तरी त्याचं बरंच काम भागलं असतं. आणखी एक म्हणजे कुरिअरच्या फॉर्मवर 'इलेक्ट्रॉनिक पार्ट्स' आणि किंमत ५०० लिहा म्हणाला, जास्त लिहिली की चौकशी करतात असं कारण दिलं. मी तसंच लिहिलं. ज्या कागदावर त्या वस्तूची किंमत माझ्या हाताने लिहिलेली आहे तो कागद पुढे माझ्याच विरोधात गेला.

पाच आठवडे लागले. दर आठवड्याला व्हॉट्सअपवर काहीतरी फोटो यायचा, मशीनवर फिरणारी कॉइल, टेबलावरची तार, आणि मी खूश. पार्सल आलं तर दोन्ही पिकअप चकाचक, पॉलिश करून दिलेत म्हणाला. रविवारी बसून वायरिंग पूर्ण केलं, पोकळीत सगळीकडे तांब्याची पट्टी लावली, ग्राउंड एका जागी आणले, ब्रिजला ग्राउंडची वायर दिली, ४० वॉटच्या सोल्डरिंग गनने पॉटच्या पाठीवर नीट टाके मारले. अँपला लावली आणि काय सांगू, हम, म्हणजे मागे सतत येणारा घूं आवाज, अजिबात नाही! शून्य. मला वाटलं माझं शिल्डिंग इतकं भारी झालंय. आनंदात त्या माणसाला ५०० रुपये जास्तीचे पाठवले आणि त्याच ग्रुपमधे त्याची तोंड भरून स्तुती लिहिली. त्यानंतर त्या ग्रुपमधल्या अजून दोघांनी त्याला काम दिलं, ते मला आजही खातंय.

हम नाही हीच तर खूण होती. सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे काकांच्यासारखा आत तारेची एकच गुंडाळी असलेला, ५० हर्ट्झचा हम पकडणारच, घरातल्या वायरिंगचा, ट्रान्सफॉर्मरचा. तांब्याच्या पट्टीने बझ कमी होतो, वरवरचा खरखराट जातो, पण चुंबकीय हम तिला जुमानत नाही. तो पूर्ण जायचा असेल तर आत उलट सुलट जोडलेल्या दोन कॉइल लागतात, म्हणजे हमबकर. हे एका मित्राने दोन महिन्यांनी सांगितलं, तो साऊंडचं काम करतो. त्याने गिटार अँपच्या अगदी जवळ ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला धरून गोल फिरवली, सिंगल कॉइल असती तर आवाज कमी जास्त झाला असता, इथे काहीच नाही. मग त्याने स्क्रूड्रायव्हर पिकअपला लावला तर तो खाडकन चिकटला. मी साफसफाई करताना तोच स्क्रूड्रायव्हर त्याच जागी धरला होता, जेमतेम ओढ लागायची.

लगेच सोडवले. मानेकडच्याचं रीडिंग ८.९. ज्या पिकअपला हातच लावायचा नव्हता, जो फक्त नमुना म्हणून गेला होता, तो ५.८ चा ८.९ कसा होईल? थंडी-उन्हाने तांब्याच्या तारेत फरक पडतो पण तो या पिकअपला शे-दोनशे ओमचा, तीन हजारांचा नाही. मी पार्सल आल्या दिवशी मोजलंच नव्हतं हो, मल्टीमीटर तिथेच टेबलावर होता. वायर पण चार रंगांची, त्यातल्या दोन आखूड कापून टेपमधे लपवलेल्या. झाकण उघडलं तर आत दोन छोट्या कॉइल आणि मधे कडक मॅग्नेटची पट्टी. दुसऱ्यातही तेच.

फोन केला तर म्हणाला रिवाइंड केल्यावर रीडिंग बदलतं. मी म्हणालो मानेकडचा रिवाइंडला दिलाच नव्हता. म्हणाला बघून सांगतो, आणि रात्रीपर्यंत ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, पोलीस चौकीत अर्ज दिला. तिथले साहेब शांतपणे ऐकून घेत होते पण त्यांचा प्रश्न साधा होता, पाठवलेली वस्तू ओरिजिनल होती याला पुरावा काय? माझ्याकडे गिटारचे समोरून काढलेले फोटो, आणि पिकअपच्या मागच्या बाजूचा एकही नाही. ५.८ हे रीडिंग मी पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिलेलं, मीटरसकट फोटो काढलेला नाही. कुरिअरच्या पावतीवर ५०० रुपये. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला तेव्हा कळलं की आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, समोरचा परराज्यात असला तरी, मुदत दोन वर्षांची. ती तयारी चालू आहे, चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि नकली पिकअप सगळं एका डब्यात बंद करून ठेवलंय.

तुमच्यापैकी कुणाला पार्ट पाठवायचाच असेल तर खराब झालेला तेवढाच पाठवा, चालू असलेला घराबाहेर काढू नका, मग कुणी कसलंही कारण का देईना. पाठवण्याआधी मागून पुढून फोटो, मीटर लावलेल्या अवस्थेत फोटो, वायरचा रंग, आणि न दिसणाऱ्या जागी स्वतःची एखादी खूण. परत आल्यावर बसवायच्या आधी मोजा. गावातलाच कारागीर असेल तर समोर बसून करून घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

काकांना मी महिनाभर सांगितलं नव्हतं. शेवटी गिरगावात जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "मागची काळी टेप काढली होतीस का?" मानेकडच्या पिकअपच्या मागे जुनी वाळून कडक झालेली इन्सुलेशन टेप होती खरी, मी ती तशीच ठेवली होती. काका म्हणाले त्याखाली पत्र्यावर मी कंपासच्या टोकाने 'श्री' कोरलंय, १९८१ मधे पहिल्यांदा उघडला तेव्हा.

तर विनंती आहे. कुणाला टेस्कोचा गोल्डफॉइल कुणी विकायला आणला, कुठल्याही शहरात, तर मागची बाजू बघा. टेप असेल तर सोलून बघा, नसेल तर पत्रा उजेडात तिरका धरा. 'श्री' दिसलं तर तो आमचा आहे, जी किंमत असेल ती देऊन मी घेऊन जाईन.