ईएसआयचा बेकारी भत्ता आणि पाटोवरचे रोजगार विनिमय केंद्र: आमचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाची नोकरी गेली तेव्हा आमच्या डिचोलीच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो हाच, की सरकार बेकार माणसाला काही देते की नाही. शेजारच्या कर्नाटकात युवा निधी योजनेतून नव्याने उत्तीर्ण झालेल्या बेकार पदवीधरांना महिना ३,००० आणि पदविकाधारकांना १,५०० रुपये जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात, म्हणून गोव्यातही तसे काही असेल असे आम्ही धरून चाललो होतो. गोव्यात राज्याचा असा मासिक भत्ता नाही. जे आहे ते केंद्राच्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजे ज्याला आपण सगळे ईएसआय म्हणतो तिथे आहे, आणि ते कामगारांना फारसे कोणी सांगत नाही.

भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला होता. पगार १८,००० रुपये. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला ईएसआयचे १३५ रुपये कापलेले दिसत. त्याच पगारावर मालकाच्या बाजूने ५८५ रुपये भरले जातात, कारण वर्गणीचा दर कामगारासाठी ०.७५ टक्के आणि मालकासाठी ३.२५ टक्के आहे. हे पैसे केवळ दवाखान्यासाठी असतात असे तो समजत होता. प्रत्यक्षात त्याच वर्गणीवर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालते, जिच्यात नोकरी गमावलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. सुरुवातीला हे प्रमाण २५ टक्के होते. करोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते दुप्पट झाले.

हिशेब असा होतो. मागच्या चार वर्गणी कालखंडांतले, म्हणजे दोन वर्षांतले, सगळे वेतन एकत्र करून त्याला ७३० ने भागतात. भावाचे ४,३२,००० रुपये होते, म्हणून रोजचे सुमारे ५९२ आणि त्याचे निम्मे २९६ रुपये. नव्वद दिवसांचे सुमारे २६,६०० रुपये झाले. या रकमेत घर चालत नाही. पण आईची औषधे, गॅस आणि मुलीची शाळा या तीन गोष्टींसाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि ज्या घरात पगार थांबला आहे त्यालाच याची किंमत कळेल.

पात्रतेसाठी किमान दोन वर्षे विमा असलेली नोकरी लागते, बेकारीच्या लगेच आधीच्या सहामाही कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी एकात पुन्हा ७८ दिवसांची. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो. संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरून त्याची छापील प्रत, आधार आणि बँक पासबुकाची प्रत घेऊन ईएसआयच्या शाखेत द्यायची. मालकामार्फत जावे लागत नाही. ही सोय मला या योजनेतली सर्वांत मोलाची वाटते. मात्र योजना ठरावीक मुदतीची असून ती वाढवत नेली जाते, म्हणून अर्जाआधी चालू मुदत शाखेत विचारून घ्यावी.

आमचा खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी होणार होता. कंत्राट संपल्यावर कंत्राटदाराने शेवटचा पगार देताना सगळ्यांपुढे एक टंकलिखित कागद ठेवला. त्यावर "मी स्वेच्छेने नोकरी सोडत आहे" असे लिहिले होते आणि खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ होती. भाऊ तो कागद सही न करता घरी घेऊन आला. "दादा, सही केली तर काय बिघडते? पगार तर मिळतो," असे तो म्हणाला. बिघडले असते ते इतकेच, की स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला किंवा गैरवर्तनासाठी काढलेल्याला हा भत्ता मिळत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कंत्राट संपल्याने काम बंद झाल्याचे पत्र मागितले आणि चार फेऱ्यांनंतर ते मिळाले. त्याच्याबरोबरच्या काहींनी आधीच सही केली होती. त्यांच्याबद्दल मला अजून वाईट वाटते.

कारखाना कायमचा बंद पडला किंवा रीतसर कामगार कपात झाली, तर हा अर्ज करण्याआधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करावी. तिच्यात भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. भावाचे कंत्राट संपले होते, कपात झाली नव्हती, म्हणून तो मार्ग त्याच्यासाठी नव्हता.

पणजीत पाटोवर, कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, श्रमशक्ती भवन आहे. तिथल्या रोजगार विनिमय केंद्राच्या खिडकीवर भावाला चांगली वागणूक मिळाली; आयटीआयचे प्रमाणपत्र नीट पाहून त्याची इलेक्ट्रिशियन म्हणून नोंद झाली. पण इथे भत्ता मिळेल या आशेने जाऊ नये. रिक्त जागा केंद्राला कळवण्याचे बंधन मालकांवर १९५९ च्या कायद्यापासून आले आहे. केंद्राने सुचवलेल्या उमेदवाराला घेण्याचे बंधन कधीच आले नाही. नोंदणी जरूर करावी, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळावरही करावी, आणि सरकारी नोकरीची इच्छा असेल तर पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा. धंदा सुरू करायचा असेल तर आर्थिक विकास महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजना कर्ज देते.

माझी मुख्य तक्रार योजनेच्या मर्यादांबद्दल आहे. ९० दिवस हे एका नोकरीमागे नाहीत, सबंध आयुष्यात मिळून आहेत. भाऊ चौतीस वर्षांचा आहे आणि त्याचे ते संपले. महिना २१,००० रुपयांवर पगार असलेला माणूस ईएसआयमध्ये येतच नाही. आणि ज्या कायद्यावर हे सगळे तेव्हा उभे होते, त्या १९४८ च्या कायद्यातल्या कारखान्याच्या व्याख्येत खाणी बसत नव्हत्या. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आमच्या तालुक्यात घरोघरी पगार बंद झाले, ट्रक अंगणात उभे राहिले, आणि त्यानंतर साडेतीन महिन्यांनी सुरू झालेल्या या योजनेत त्या खाणकामगारांसाठी जागा नव्हती.